दुसरी होडी

दादा, होडी अजून साच्यातच आहे.

सकाळी शेडचं दार उघडलं की पहिली नजर तिच्याकडे जाते. सिमेंटच्या साच्याला पोट लावून, पाठीवर पत्र्याची पट्टी घेऊन ती तू आवळलेल्या शिकंज्यांमध्ये निमूट पडून असते. मी तिला वळसा घालून कामाला लागते. झाडताना तिच्याखालचा भुसा तसाच ठेवते. परवा एक चिमणी येऊन शिकंज्याच्या दांड्यावर बसली, तर मी तिलाही हाकललं. मग माझी मलाच लाज वाटली. चिमणीच्या वजनानं काय सुटणार होतं?

झुलत्या खुर्चीच्या पायांखाली ज्या दोन वाकड्या पट्ट्या असतात, त्यांना होडी म्हणायचं तूच सुरू केलंस. वहिनीसाठी अशी खुर्ची करायची, हे तू किती वर्षं नुसतं म्हणत होतास! तिचे गुडघे गेले, भाजी निवडून उठताना ती भिंतीला हात लावून कण्हायला लागली, तेव्हा कुठे तू मनावर घेतलंस. तर तिचंच आपलं, "मला कशाला झुलती खुर्ची? मी काय मडम हाय का?" पहिली होडी झाली. शिकंज्यांतून ती तू स्वतः सोडलीस आणि टोकांना दोरी बांधून आढ्याला टांगलीस. दुसरी साच्यावर बांधलीस, हात धुतलेस, जेवलास आणि खाटेवर लवंडलास. वहिनीनं चहाला हाक मारली तेव्हा तू उठला नाहीस. पाठोपाठ मी हाक मारली. माझ्या हाकेला तरी उठशील असं मला का वाटलं, कोण जाणे.

आपल्या शेडचा कायदा एकच. ज्यानं बांधलं त्यानंच सोडायचं. बांधणाराच निघून गेला तर सोडायचं कुणी, हे मात्र आपल्या आबांनी कधी सांगून ठेवलं नाही.

खरं सांगू का? कायदा ही सबब आहे. त्या शेवटच्या शिकंज्याचा दांडा तू आवळलास, तो अजून तिथंच आहे. तुझ्या हाताचा जोर अजून त्या लाकडात आहे. तो मी सोडला की संपलं. आणि नाही सोडला, तर वहिनीची खुर्ची एका होडीवर झुलणार कशी? रोज सकाळी मी ठरवते की आज सोडायची, आणि रोज वळसा घालते.

ही दुसरी होडी बांधलीस त्या सकाळी धुकं होतं. उसाच्या फडांवर असं बसलं होतं की बबनतात्यांचं गुऱ्हाळ दिसतच नव्हतं, नुसता रस उकळल्याचा वास येत होता. आपण वासाच्या मागे चालत गेलो. तू पुढे, खांद्यावर होडीची ती लांब लाकडी पट्टी, मी मागे. मधेच तू धुक्यात दिसेनासा व्हायचास आणि फक्त पट्टीचं मागचं टोक माझ्यासमोर हलत राहायचं. मी त्या टोकाकडे बघत चालत होते. आता ते आठवलं की वाटतं, ते टोक धरून ठेवायला हवं होतं.

तात्यांच्या चुलवणाची मागची आच वाया जायची, ती तुझ्या डोळ्यांत भरली होती. तू तिथं पाण्याचं पिंप बसवलंस, पिंपातली वाफ जुन्या पाइपात सोडलीस आणि पाइपाच्या तोंडाला चिंध्यांचा बोळा लावलास. लाकूड त्या पाइपात शिजायचं आणि काहिलीत गूळ शिजायचा. म्हणून आपली वाकवायची कामं गुऱ्हाळ पेटल्यावरच, आणि म्हणून आपल्या खुर्च्यांना पावसाळी हवेत गुळाचा वास सुटतो. पुण्याच्या एका बाईंनी फोन करून विचारलं होतं, खुर्चीला मुंग्या तर लागणार नाहीत ना? तू म्हणालास, "न्हाई ताई, आधी मानसं लागतील." त्यांनी आणखी चार खुर्च्या सांगितल्या.

वाफेतून काढलेलं लाकूड फार थोडा वेळ ऐकतं. तेवढ्यात त्याला साच्यावर न्यायचं, पट्टी पाठीला लावायची, मधला शिकंजा आवळायचा आणि मग दोन्ही टोकं हळूहळू खाली आणायची. एरवी तू किती सावकाश माणूस! चहा पिताना बशी गार व्हायची, फुंकर घालायचीही गरज उरायची नाही. पण लाकूड हातात गरम असलं की तुझे पाय जमिनीला लागायचे नाहीत. त्या सकाळी गुऱ्हाळापासून शेडपर्यंत तू पोत्यात गुंडाळलेलं ते लाकूड छातीशी धरून धावलास, तापलेलं पोर घेऊन दवाखान्यात धावावं तसा. मी मागून ओरडत होते, "दादा, आरं हळू, पाय सटकंल!" तू धुक्यातून ओरडलास, "बोलत बसू नको, ये!"

ते शेवटचं तू मला म्हणालेलं वाक्य नाही. नंतर तू मीठही मागितलंस. पण मला हेच लक्षात ठेवायचं आहे.

तुझी पेटी मी केली. लोक म्हणत होते, तालुक्याहून तयार आणू. मी म्हटलं, सुताराच्या घरात पेटी बाहेरून येणार नाही. पण दादा, तिच्यात एकही वाक नव्हता. वाकवायला वाफ लागते, वाट बघावी लागते, आणि पाळकसाहेब तर प्रार्थनेची वेळ विचारत होते. सरळ फळ्या, सरळ कोपरे, खिळे. जन्मभर ज्या माणसानं सरळ लाकडाला गोल व्हायला शिकवलं, त्याला मी चार कोपऱ्यांत बंद केलं. कबरस्तानात सगळे गीत गात होते तेव्हा माझ्या मनात एकच चाललं होतं, की निदान झाकणाला तरी कमान द्यायला हवी होती. तू असतास तर हसला असतास. म्हणाला असतास, "सुमे, मला काय त्यात बसून झुलायचं हाय का?"

मी तुझ्याकडे आले ते भास्कर गेल्यावर. माझ्या नवऱ्याचं सिमेंटच्या जाळ्या, कुंड्या आणि तुळशीवृंदावनं ओतायचं काम होतं. अख्ख्या पंचक्रोशीतली वृंदावनं आमच्या ख्रिस्ती घरात ओतली जायची आणि कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. तो गेला आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. सासरी सगळे समजूत घालायचे आणि मी भिंतीकडे बघत बसायचे. तू आलास. समजूत घातली नाहीस. माझ्या उंबऱ्यावर बसून म्हणालास, "माझं लाकडी साचे फुटत्यात. वाफेनं भेगाळत्यात. तुला सिमीट ओतता येतं. चल." एवढंच. बहिणीला आसरा द्यायला आला आहे असं तुझ्या चेहऱ्यावर कुठे नव्हतं. साचे फुटतात म्हणून वैतागलेला एक सुतार माझ्या दारात बसला होता. मी पिशवी भरली.

तुझा हा गुण मला फार उशिरा कळला. तू माणसाला दया दाखवायचा नाहीस, काम दाखवायचास.

आणि भांडण. ते तर पहिल्याच साच्यापासून सुरू झालं. जमिनीवर खडूनं खुर्चीच्या पाठीची कमान काढलीस आणि म्हणालास, अशी ओत. मी म्हटलं, अशी नाही, दोन बोटं जास्त आवळ ओतणार. साच्यातून सुटलं की लाकूड थोडं उघडतं, मागे येतं. म्हणजे आधीच जास्त वाकवून ठेवलं की मागे येऊन बरोबर मापावर थांबेल. साधा हिशेब. तुला तो पटला नाही. तुझं म्हणणं, साचा खुर्चीएवढाच हवा, आणि लाकडाला त्यात भरपूर दिवस राहू द्यावं. मग ते फारसं मागे येत नाही. आलंच थोडं, तर येऊ दे. त्या लाकडाच्या कलानं खुर्ची करू.

"अन् चार खुर्च्या चार तऱ्हेच्या झाल्या मंजी?" मी म्हणायचे. "गिऱ्हाइकाला सेम टू सेम पायजे."

"चार भावंडं तरी सेम टू सेम आसत्यात का?"

"भावंडं कुनी सेट म्हनून इकत न्हाई!"

मग तू तो टोमणा मारायचास, जो मला आजही टोचतो. "सुमे, तू मानसांलाबी आसंच दोन बोटं जास्त वाकवती. मंजी सोडल्यावर तुला पायजे तिथं येऊन थांबतील." मी तुझ्या अंगावर थापीचा ओला हात झटकायचे आणि तुझ्या शर्टावर सिमेंटची नक्षी उठायची. वहिनी घरातून ओरडायची, "शर्ट कोन धुनार हाय?"

शेवटी साचा मी माझ्याच मापानं ओतला. तुझ्यापुढे हट्ट चालायचा नाही असं सगळे म्हणत, पण माझा चालला. आणि कमान सुटून आली ती अगदी खडूच्या रेघेवर! मी ती जमिनीवरच्या रेघेशी लावून पाहिली, फिरवून पाहिली, आणि तुझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिले. तू डोकं खाजवलंस. म्हणालास, "व्हय बाई. तूच खरी."

तेव्हापासून प्रत्येक साचा दोन बोटं आवळ. हातांचे, पाठीचे, पायांचे, आणि आता होडीचाही. दर हंगामात पहिलं लाकूड बांधायच्या आधी तू एकदा कुरकुर करायचास, मी तुला मागच्या खुर्च्या दाखवायचे, आणि तू माघार घ्यायचास. गावात मी सांगत सुटायचे, आमच्या दादाचं म्हणजे सुंभ जळलं तरी पीळ जळत नाही, दर वर्षी हरतो आणि दर वर्षी भांडतो. तू ऐकून नुसता मिश्या चोळायचास.

या होडीचं लाकूड आपण संगमनेरपलीकडच्या अकोल्याहून आणलं ते आठवतं? धामण. तुझ्या मते वाकण्यासाठी देवानं हे एकच झाड केलं, बाकीची सावलीसाठी. डोंगराकडेच्या एका शेतकऱ्यानं बांधावरचं झाड पाडलं होतं, त्याचा फोन आला, आणि तू मला टेम्पोत घालून घेऊन गेलास. भाताची खाचरं पिवळी पडत होती. झाड पडलेलं होतं तरी तू आधी त्याच्या सालीवर हात फिरवलास, गुरांच्या बाजारात बैलाच्या पाठीवरून फिरवतात तसा. करवतीनं चिरू दिलं नाहीस. पाचरी ठोकून फाडून घेतलंस, कारण फाडलेलं लाकूड आपल्या रेषेनं जातं आणि रेषेनं गेलेलं वाकताना तुटत नाही. परत येताना तू पुढे बसला नाहीस. मागे लाकडांवरच गोधडी टाकून आडवा झालास. मी ड्रायव्हरच्या मागच्या काचेतून बघत होते. रस्त्याची सगळी वळणं तुझ्या अंगात जात होती. टेम्पो डावीकडे वळला की तू डावीकडे कलायचास, उजवीकडे वळला की उजवीकडे, आणि तोंडावर हसू. संगमनेर मागे पडलं, उसाचा पट्टा लागला, आणि तू झोपेतच होतास. मला वाटलं होतं की तू उठशीलच, मग आपण कुठेतरी थांबून भजी खाऊ. घर आलं तरी तू उठला नाहीस, तेव्हा मी तुला चिमटा काढला होता.

कायद्याचं मूळ आबांच्या दातात होतं. आपले वडील मिशनच्या शाळेत सुतारकाम शिकले. तिथं एकदा दुसऱ्यानं बांधलेली कमान आबांनी सोडायला घेतली. कुठला शिकंजा किती ताणात आहे हे बांधणाऱ्यालाच ठाऊक. आबांनी चुकीच्या टोकापासून सुरुवात केली, लाकडानं झटका दिला आणि पुढचा दात गेला. तेव्हापासून देवळात गीत गाताना 'स' आला की आबांची शीळ वाजायची. भोवतीची पोरं खुदखुदायची आणि आबा डोळे मिटून आणखी मोठ्यानं गायचे. तो कायदा तू जितका पाळलास तितका आबांनीही पाळला नसेल. शिकंजे ढिले करताना मला तू शेडमध्येसुद्धा थांबू द्यायचा नाहीस. "लांब हो, लागंल." बांधायच्या आधी साच्यावर गोणपाट अंथरायचं तर तेही तूच. सिमेंट लाकडाचं पाणी ओढतं, म्हणून मधे एक पदर घालायचा, एवढं मला माहीत होतं. तेवढ्यात मी तिकडे वाफ सांभाळायची. मला वाटायचं, काय हा काळजीचा माणूस!

तू गेल्यानंतर एका दुपारी माझा डोळा लागला. शेडमध्येच, भुशाच्या पोत्याला टेकून. सगळीकडे वाफ होती, गुळाच्या वासाची. त्या वाफेत सरळ असलेलं सगळं हळूहळू वाकत होतं. देवळाचा मनोरा वाकला, विजेचे खांब वाकले, फडातला ऊस एका बाजूला कलला. कुठे चीर पडल्याचा आवाज नाही. मग मी केलेली तुझी पेटी दिसली. तिच्या फळ्या मऊ पडत होत्या, कोपरे विरत होते, आणि बघता बघता ती लांब, निमुळती, खरोखरची होडी झाली. कालव्याला आवर्तन सुटलं होतं. पाणी काठोकाठ भरून उसातून वाहत होतं आणि तू त्या होडीत आडवा झालेला होतास, टेम्पोत झालेलास तसा. कालवा वळला की तू कलायचास. मी काठानं चालत होते. म्हटलं, "दादा, दुसरी होडी कोन सोडनार?" तू डोळे न उघडता म्हणालास, "घाई करू नको." मी म्हटलं, "मी कुठं घाई करती? मी तर सोडतच न्हाई." त्यावर तू हसलास, आणि पाणी पुढे गेलं.

जागी झाले तर वहिनी समोर उभी होती. साच्याच्या पलीकडे. तिचा हात होडीवर होता. मला वाटायचं, हे लाकूड सोडलेलं वहिनीला सोसणार नाही, म्हणून मी थांबले आहे. तिला वाटत होतं की मला सोसणार नाही, म्हणून ती बोलत नव्हती. दोघी एकमेकींना जपत बसलो होतो आणि मधे ते लाकूड आवळलेलं होतं.

"वन्सं," ती म्हणाली, "तात्या सांगून गेले. ऊस सपला. उद्यापरवा गुऱ्हाळ इझवनार."

"बरं."

"इझायच्या आत सोडा हिला. जमली न्हाई तर वाफेवर परत बांधता तरी येईल."

तिनं शिकंज्याच्या दांड्यावरून पदर फिरवला, धूळ पुसली. "मला खुर्ची पायजे म्हनून न्हाई म्हनत. पन किती दिस आवळून धरायचं? त्यालाबी कळ लागत आसंल."

ती लाकडाबद्दल बोलत होती की माझ्याबद्दल, मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी धुकं नव्हतं. गुऱ्हाळाचं धुराडं लांबून दिसत होतं, बारीक धूर. मी साच्यापुढे उभी राहिले आणि आधी हात लावलाच नाही, नुसतं बघत राहिले. तू कसं बांधलं असशील? मधला शिकंजा पहिला, हे सगळेच करतात. पण तू डावरा. म्हणजे मधल्यानंतर तू डावीकडे गेला असशील, कारण तुझा जोर तिथं लागायचा. उजवीकडचे शेवटी. सगळ्या दांड्यांची तोंडं तुझ्याकडे वळलेली होती आणि उजव्या टोकाचा दांडा तेवढा उलटा. तिथं तुला वाकून, पलीकडून हात घालावा लागला असणार. तो सगळ्यात शेवटचा. शेवटी बांधलेला आधी सोडायचा. दादा, तुझी सगळी सकाळ त्या शिकंज्यांत उलटी वाचता येत होती. मी तुझ्या जागी उभी राहिले, पलीकडून हात घातला आणि तो दांडा थोडासा फिरवला. लाकूड कुरकुरलं. तूही असाच कुरकुरायचास.

मग पुढचा. मग त्याच्या अलीकडचा. प्रत्येक थोडा, पुन्हा फिरून थोडा. वहिनी दारात उभी होती. "लांब हो, लागंल," असं मी तिला म्हणाले, आणि हा आवाज कुणाचा ते आम्हा दोघींनाही कळलं. मधला शिकंजा सुटला तेव्हा झटका नाही, काही नाही. लाकडानं नुसता श्वास सोडल्यासारखं केलं आणि होडी माझ्या हातात आली. गुळाचा वास आला. मी तिला उराशी धरून उभी राहिले. किती वेळ ते मला ठाऊक नाही, वहिनीला ठाऊक असेल.

डोळे पुसून साच्याकडे वळले, तर गोणपाट.

एक पदर नव्हता. पदरावर पदर होते. मधे पातळ, टोकांकडे जाड होत गेलेले, दाभणानं नीट शिवलेले, आणि वरचा पदर कडेनं खाली सोडून जाडी झाकलेली. मी हात लावून पाहिला. वाकताना चेपून चेपून ते लाकडासारखे घट्ट झाले होते. मी टोकाशी बोटं ठेवून मोजलं. बरोबर दोन बोटं!

माझ्या साच्याची जी दोन बोटं मी भांडून, हट्टानं जास्त ओतली होती, ती तू गोणपाटानं भरून काढली होतीस. लाकूड वाकलं होतं तुझ्याच मापावर. मी शेडच्या मागे धावले. पाठीचे साचे, हातांचे साचे एकावर एक रचलेले होते आणि फळीवर तशीच शिवलेली गोणपाटं, प्रत्येक साच्याचं वेगळं, घड्या घालून ठेवलेली. मला ती इतकी वर्षं दिसत होती. मला वाटायचं, आहेत आपली पोती, बसायला.

"वहिनी!" मी किंचाळले. "हे बगा काय केलंय तुमच्या नवऱ्यानं!"

वहिनीनं बघितलं नाही. ती पदराचं टोक तोंडात धरून हसत होती, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मला काय दावता? मीच शिवलीत ती."

मी गोणपाट उलटून पाहिलं, टाके वहिनीचेच होते.

"तुमच्या साच्यावरची पयली कमान लईच आवळ आली हुती," ती सांगायला लागली. "खुर्चीत मानूस बसायच्या ऐवजी आडाकला आसता. तुमी चार दिस सासरी गेल्ता तवर ह्यांनी ती सोडून बघितली. तशीच नेऊन चुलवनात घातली. मला म्हनले, गोनपाट शिव. दुसरी बांधली, ती तुमाला दावली."

"मला सांगायचं हुतं की मग! माझ्या तोंडावर सांगायचं हुतं, सुमे, तू चुकली!"

"सांगनारच हुते. पन तुमी ती कमान रेघंला लावून बघितली, अन् साचा पुसाया लागल्या. पुसता पुसता गुनगुनत हुत्या. तुमाला ठाव बी नसंल. भास्करभाऊ गेल्यापासनं तुमच्या तोंडातनं सूर निघाला नव्हता. हे दाराआड उभं. मला खुनावून बोलावलं अन् म्हनले, ऐक. सुमी जिकली का गुनगुनती. आता हिला हारवायची न्हाई."

दादा, मला आधी रागच आला, खोटं कशाला सांगू. इतकी वर्षं गावभर मिरवले! मिश्या चोळत बसायचास आणि आतून काय हसत असशील! जी बाई माणसांना दोन बोटं जास्त वाकवते, तिच्या भावानं तिच्याखाली दोन बोटं गोणपाट घातलं, आणि तिला पत्ताही लागू दिला नाही. तुझं ते कायदा पाळणं, ते "लांब हो, लागंल". मला लाकूड लागू नये म्हणून नव्हतंच ते. किंवा तेही होतं. आता कुणाला विचारू? भांडण असं अर्धं टाकून कुणी जातं का? तुला दोन सुनवायच्या होत्या. त्यानंतर तुझ्यासाठी भजी तळायची होती. थांबून खायची राहिली होती ना ती.

आढ्यावरची होडी खाली उतरवली. दोन्ही एकीला एक लावून ठेवल्या. तंतोतंत जुळल्या असं लिहायला मला आवडलं असतं, पण एका टोकाला नखाएवढा फरक आहे. पूर्वीची मी असते तर ती वाफेवर पुन्हा चढवली असती. गुऱ्हाळ अजून पेटलेलं होतं, तात्या थांबतो म्हणालेही. मी म्हटलं, नको. त्या लाकडाच्या कलानं खुर्ची करू.

खुर्ची झाली आहे, दादा. ओसरीत ठेवली आहे. झुलताना उजवीकडे किंचित कलते. मी वहिनीला म्हटलं, आवडत नसेल तर खालून तासून सारखी करते. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. हे बी चालताना उजवीकडंच कलायचे." दुपारी ती तिच्यात बसून शेंगा फोडते. टरफलं सगळ्या ओसरीभर होतात, कारण मडम आता झुलता झुलता टाकते.

काल मी नवा साचा ओतायला घेतला. पुण्याच्या त्याच बाईंना लहान खुर्ची हवी आहे. जमिनीवर खडूनं कमान काढली. दोन बोटं आतून दुसरी रेघ मारणार होते, हात तिथवर गेलाही. मग खडू ठेवून दिला आणि पत्रा तुझ्याच रेघेवर उभा केला. आत सळ्या घातल्या, सिमेंट कालवलं, ओतलं, थापीनं सारखं केलं. ऊन तिरपं झालं होतं. कालव्याकडून गार वारा येत होता, आणि ओसरीतून होडीचा आवाज, पुढे, मागे.

तो आवाज मधेच थांबला.

"वन्सं," वहिनीनं तिकडून हाक मारली, "आज कुनाला जिकलात?"

मी थापी हातात धरून तशीच थांबले. मला खरंच पत्ता नव्हता की मी गुणगुणत होते.

"कुनाला न्हाई, वहिनी," मी म्हणाले. "हारले."